फेलिमला पोचवायला गेलो तेव्हा

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

सकाळपासून एक ओळ झालेली नाही. बॉयलर बंद. थंडीची तक्रार घेऊन चौथ्या मजल्यावरच्या मिसेस पर्लमन तीनदा खाली आल्या. तिसऱ्यांदा अंगावर ओव्हरकोट चढवून, मला लाज वाटावी म्हणून. या इमारतीची देखभाल माझ्याकडे आल्याला बावीस वर्षं झाली, पण तळघरातला तो लोखंडी म्हातारा अजून मला जुमानत नाही. दोन तास झटापट करून वर आलो तर हात काळे, वही समोर, डोकं रिकामं.

त्यात साइवची ईमेल. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या प्रकाशनातली माझी संपादक, वय असेल अठ्ठावीस. लिहिते — "जार्लथ, तुम्ही म्हणाला होतात की त्या काळात तीनदा कोठडीत गेलात. पुस्तकात एकदाच आलंय. बाकीचे दोन प्रसंग घालता येतील का?"

बाकीचे दोन मला आठवत नाहीत, बाई! हीच तर गोची आहे. १९८२ ला गॉलवेहून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये उतरलो तेव्हापासून २००० साली सोडली तोपर्यंत, माझी दारूची अठरा वर्षं लोकांना वाचायची आहेत. आणि त्यातली निम्मी वर्षं मी शुद्धीवरच नव्हतो. जी वर्षं मला स्वतःलाच दुसऱ्यांकडून विचारून घ्यावी लागतात त्यांच्या आठवणी मी काय कपाळ लिहिणार?

६ फेब्रुवारी

मॉसीला फोन केला. मॉसीही आयरिश, केरीचा. पाच वर्षं आम्ही एका खोलीत काढली, एकाच बांधकामावर विटा उचलल्या. आता गुडघे गेलेत त्याचे, घरीच असतो.

"मॉसी, खरं सांग. मी तेव्हा कसा होतो?"

"झकास होतास."

"झकास म्हणजे काय?"

"म्हणजे झकास. तू आलास की बैठकीत जान यायची."

आमच्या लोकांचं हे असं. तोंडावर वाईट बोलायचं म्हणजे पाप. मॉसीच्या बहिणीच्या लग्नात मी केकवर आडवा झालो होतो, हे मला तिचा घटस्फोट झाला तेव्हा कळलं. तेही तिच्या नवऱ्याकडून. सगळे 'झकास' म्हणतात आणि मी इथे वही उघडून बसतो. झकासवर किती पानं लिहिणार?

१० फेब्रुवारी, रविवार

सातवं प्रकरण झालं! एका बैठकीत. बाकी सगळं पुस्तक दगड फोडल्यासारखं लिहिलं, हे मात्र हाताला धरून कुणी लिहवून घ्यावं तसं झालं.

हे फेलिमचं प्रकरण. फेलिम मॅगर्टी, हाही आयरिश, लीट्रिमचा, वय चोवीस. मार्च १९८६ मध्ये मॅनहॅटनला परांचीवरून पाय घसरला आणि नऊ मजले खाली आला. आमच्यात रिवाज आहे — माणूस शवपेटीत घरी जाणार असेल तर एकटा जात नाही. कुणीतरी दोस्त त्याच विमानात बसतो, घरच्यांच्या हवाली करतो, शेवटचे दिवस कसे गेले ते आईबापाला सांगतो. पण तेव्हा आमच्यापैकी कुणाकडे कागदपत्रं नव्हती. जो जाईल त्याला परत येता येणार नाही. सगळे खाली बघत बसले. मी उठून म्हणालो, मी जातो.

गेलो. शॅननच्या विमानतळावर त्याच्या वडिलांनी टोपी काढली आणि परत घालायचं विसरले. घरी त्याची आई, बीझी, हिने माझी बाही धरून विचारलं — "लगेच गेला का रे?" मी म्हणालो, लगेच. मग मॉन्ट्रियलवरून, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत मुटकुळं होऊन अमेरिकेत परत.

अठरा वर्षांत मी सरळ म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट केली. हे प्रकरण नसेल तर पुस्तक म्हणजे एका दारुड्याच्या बढाया. मला ते माहीत आहे.

११ फेब्रुवारी

बॉयलर चालू. मिसेस पर्लमनना आता उकडतंय.

१५ फेब्रुवारी

साइव खूश. "हेच पुस्तकाचं काळीज आहे," म्हणते. पण प्रकाशनाच्या वकिलाचे प्रश्न आहेत. कुठल्या नाक्यावरून सीमा ओलांडली? तारीख? गाडी कोणाची? आणि खरी नावं छापायची तर घरच्यांची परवानगी लागेल.

फेलिमचे वडील गेले, पण आई आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. बहीण डिम्प्ना शाळेत मास्तरीण होती, तीच आईला सांभाळते. पत्ता मिळाला. प्रकरण छापून पोस्टाने पाठवलं, वर दोन ओळी. टपालपेटीपाशी उगाच घुटमळलो. का, कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

मॉसीला विचारलं, "मॉन्ट्रियलहून गाडी तूच आणलीस ना?"

"मी? माझ्याकडे लायसन्स नव्हतं. आजही नाही."

"मग कोण होता?"

"असेल कोणी गॉलवेवाला. तुमच्याकडचे असले धंदे करायचे." मग म्हणाला — "ते प्रकरण छान आहे, जार्लथ. आहे तसं राहू दे."

"तू कुठे वाचलंस?"

"वाचायला कशाला हवं? शंभरदा ऐकलंय तुझ्या तोंडून." आणि गुडघा दुखतोय म्हणून फोन ठेवला. फोनवर बोलायला गुडघा लागतो, हे मला नवीन होतं.

२३ फेब्रुवारी

सहा जण आले होते मला विमानतळावर सोडायला. मॉसी धरून सहा. त्यातले तिघे आता हयात नाहीत. एक बॉस्टनला असतो. त्याला गाठलं. हवापाण्याच्या, मुलांच्या, प्रोस्टेटच्या गप्पा झाल्या. फेलिमचं नाव काढताच — "जार्लथ, दारात कोणीतरी आलंय." सहावा ऑस्ट्रेलियात. त्याने तर उलट ईमेलच पाठवली, एका ओळीची. "जुनं कशाला उकरतोस?"

जुनं उकरतो कारण मी आठवणी लिहितोय, मूर्खा! आठवणी जुन्याच असतात. एवढा संताप आला की टेबलावर मूठ आपटली आणि चहा वहीवर सांडला. दोन पानं गेली. तीही कोठडीचीच.

एक साधा प्रश्न आहे. मला त्या डिकीत घालून कोणी आणलं? कोणालाच माहीत नसावं?

२७ फेब्रुवारी

लीट्रिमहून काही नाही.

६ मार्च, राखेचा बुधवार

चर्चच्या पायऱ्यांवर मॉसी भेटला. दोघांच्या कपाळाला राख. मला पाहून तो काठी टेकत दुसऱ्या बाजूने निघाला होता. मी आडवा गेलो.

"आजपासून उपासाचे दिवस," म्हणाला. "भांडायचं नाही."

"मी भांडत नाहीये. विमानतळावर तुझा काळा सूट घालून गेलो होतो, हे तरी आठवतं का?"

"आठवतं. माझा एकुलता एक सूट."

"परत दिला होता का मी?"

"दिलास. खिशात वाळू होती. विजारीच्या गुडघ्यांवरही. समुद्राची." एवढं बोलला आणि बोलायला नको होतं असं तोंड केलं. मग कुणाला तरी हाक मारत गर्दीत घुसला.

वाळू. फेलिमचं घर डोंगरात, दलदलीच्या कडेला. तिथून समुद्र किती लांब! मी दिवसभर इमारतीचा जिना झाडत होतो आणि डोक्यात तेवढंच. वाळू कुठून आली?

१७ मार्च

सेंट पॅट्रिकचा दिवस, आम्हा आयरिश लोकांचा पिण्याचा सण. मी आजच्या दिवशी बाहेर पडत नाही, एकोणीस वर्षांचा नियम. खिडकीखालून हिरव्या टोप्या घातलेली पोरं गात चालली होती. पडदा ओढून घेतला.

१९ मार्च, मंगळवार

कन्सेप्टाकडे गेलो. आधीच जायला हवं होतं. मनातून टाळत होतो, हे आता कळतंय. आम्ही बसायचो तो बार ती चालवायची. आता एक्याऐंशीची आहे, वृद्धाश्रमात असते. कमरेतून वाकलीये पण जीभ सरळ. आमच्यातली ही एकच बाई कुणाला 'झकास' म्हणत नाही.

साडेदहाची वेळ. तिच्यासाठी आमच्याकडचा सोडा ब्रेड नेला होता. तिने वास घेऊन बाजूला ठेवला. "दुकानातला," म्हणाली.

मी सरळ विचारलं. मॉन्ट्रियल, डिकी, वाळू. ती म्हणाली, "टीव्ही बंद कर आणि खाली बस."

"जार्लथ, तू गेलाच नाहीस."

मी हसलो. खरंच हसलो.

"विमान संध्याकाळचं होतं. तुम्ही सात जण दुपारी दोनला विमानतळाच्या बारमध्ये बसलात. सात जण म्हणजे सात फेऱ्या. प्रत्येकाने एकेकदा सगळ्यांना पाजायची आणि आपली फेरी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हे मी तुम्हाला शिकवायला नको. सातवी फेरी संपली तेव्हा विमान उडालं होतं. फेलिम खाली सामानात, एकटा."

"आणि मी?"

"तू उद्याच्या विमानाने जातो म्हणालास. मग अकरा दिवस तुझा पत्ता नाही. इथल्याच रॉकअवेला, समुद्रावर एका भाड्याच्या खोलीत होतास. तिथून मला फोन करून सिगारेट मागितल्यास. बाराव्या दिवशी सूट घालून बारमध्ये आलास. कुणीतरी सहज विचारलं, अंत्ययात्रा कशी झाली? तू सांगायला लागलास."

मी म्हणालो, मला सगळं दिसतं, कन्सेप्टा. त्याच्या बापाची टोपी दिसते.

"टोपी मला आलेल्या पत्रातली आहे. त्याच्या काकाने बारच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं, अंत्यसंस्कार कसे झाले ते. मी सगळ्यांना वाचून दाखवलं. तू कोपऱ्यात बसून ऐकत होतास."

मग तिने ते सांगितलं. सांगायचं नव्हतं तिला, पण सांगितलं. बारच्या फोनवर फेलिमच्या वडिलांचा फोन आला. शॅननच्या मालाच्या शेडमधून. "पोरगा आलाय. त्याच्याबरोबरचा मुलगा कुठाय?" ती म्हणाली, विमान चुकलंय, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी परत फोन. "आजही आला नाही. मी अजून थोडा थांबतो."

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"पीत होतास तेव्हा सांगून तू आणखी प्यायला असतास. सोडलीस तेव्हा वाटलं, परत सुरू करशील." तिने ब्रेडचा तुकडा मोडला. "आणि बाकीच्यांना ते बरंच होतं. कोणीतरी गेलं होतं, एवढं त्या सहा जणांना हवं होतं. तू गेलास असं सांगत होतास, ते मान हलवत होते."

कसा घरी आलो, आठवत नाही. न पिता.

२० मार्च

मला स्वतःची किळस येतेय. चुकलेल्या विमानाची नाही, म्हणजे त्याचीही, पण त्याहून जास्त या तेहतीस वर्षांची. वाढदिवसांना, लग्नांत, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकींत ही गोष्ट मी सांगितली. लोकांनी डोळे पुसले. नवी पोरं येऊन माझा हात हातात घ्यायची.

आणि ती बाई तिकडे दाराकडे बघत बसली असेल. तिच्या पोराला शेवटी पाहिलेला माणूस येणार होता. तिला एकच विचारायचं होतं. कुणीच आलं नाही.

आणि ते प्रकरण! ते मी तिलाच पाठवलंय. पाच आठवड्यांपूर्वी. माझ्या हाताने, तिकीट लावून!

२१ मार्च

बॉयलर बंद. पडू दे बंद.

२४ मार्च, रविवार

डिम्प्नाला पत्र लिहिलं. अकरा वेळा फाडलं. प्रत्येक मसुद्यात मी कुठेतरी स्वतःची कीव मागत होतो. दारू, वय, परका देश. शेवटी सगळं काढलं तेव्हा पाच ओळी उरल्या. 'मी आलो नाही. मी विमानतळावर पीत होतो. तुमचे वडील थांबले ते माझ्यासाठी. जे लिहून पाठवलं ते खोटं आहे, मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण त्याने काही बदलत नाही. मला माफ करा असं मागायचीही लाज वाटते.'

साइवला फोन करून सांगितलं, सातवं प्रकरण काढा. ती म्हणाली, "जार्लथ, पुस्तक त्याच्यावरच उभं आहे."

"तर मग पडू दे."

"किंवा हे लिहा. जे आता कळलं ते."

काय हुशार पोरगी आहे! तिला प्रकरण हवंय. मला आधी तोंड लपवायला जागा हवी आहे.

३१ मार्च

मॉसी आला. गुडघे असूनही तळघराच्या सोळा पायऱ्या उतरून आला. मी बॉयलरपाशी उकिडवा बसलो होतो. तो उलट्या बादलीवर बसला.

"कन्सेप्टाने सांगितलं तुला."

"तू का नाही सांगितलंस?"

त्याने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "सहाव्या फेरीनंतर तू उठला होतास. बॅग खांद्याला लावली होतीस. विमान अजून होतं. मी म्हटलं, माझी फेरी राहिलीये, मला फुकट्या ठरवून चाललास काय? बसलास परत."

मला त्याला मारावंसं वाटलं. त्रेसष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघे निकामी झालेला माणूस बादलीवर बसलाय आणि मला त्याला मारावंसं वाटलं. मग तो रडायला लागला आणि मला तेही करता येईना.

"तू गेलास असं म्हणायला लागलास ना," तो म्हणाला, "तेव्हा देवाशपथ, मला सुटल्यासारखं झालं. काही वर्षांनी खरंच वाटायला लागलं, की तू गेला होतास."

पाना हातात दिला त्याच्या. दोघांनी मिळून झडप बसवली. जाताना त्याला पायऱ्या चढवता चढवता माझा दम गेला.

६ एप्रिल, शनिवार

डिम्प्नाचं पत्र. निळी शाई, सरळ ओळी, मास्तरणीचं अक्षर.

'तुमची दोन्ही पत्रं पोचली. पहिलं पाकीट आईच्या हाती पडलं, म्हणून वाचून दाखवावं लागलं. मला माहीत होतं की ते खोटं आहे. मी सोळा वर्षांची होते, बाबांबरोबर शॅननला मीच होते. दोन दिवस ते त्या शेडमध्ये उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. ते मी तुम्हाला माफ करणार नाही. पण आईने ते प्रकरण रोज चहाच्या वेळी वाचायला लावलं. आता तिला पाठ झालंय. तुमचं दुसरं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही. ते काम माझं नाही, तुमचं आहे. मंगळवारी तुमच्या दुपारी बाराला आम्ही फोन करू. तिला स्वतःच्या तोंडाने सांगा.'

बरोबर आहे तिचं. प्रत्येक शब्द बरोबर आहे.

८ एप्रिल

काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. पाठ केलं. मिसेस पर्लमन भेटल्या, म्हणाल्या, "मिस्टर कनीली, तुम्ही जिन्यात एकटेच बोलता हल्ली." प्यावीशी वाटली. एकोणीस वर्षांत एवढी कधी वाटली नव्हती. प्यायलो नाही.

९ एप्रिल, मंगळवार

बाराला फोन आला. मी सगळं सांगितलं, कागदाकडे न बघता. मी आलो नव्हतो, बीझी. मी पीत बसलो होतो. तुमच्या घरी कोणीच आलं नाही. 

मग म्हातारी म्हणाली, "काहीतरीच काय बोलतोस? आलास की! त्या चुलीजवळच्या खुर्चीत बसला होतास. लगेच गेला म्हणालास, तेव्हा कुठे मला झोप लागली. आता परत कधी येतोस, बाळा? मागच्या खेपेला मी हॅम वाढलं, तू काही खाल्लंच नाहीस."